आमची वाटचाल : चिपळूणचा गाळा ते मुंबईचा डॉक

आम्ही नेमकं काय करतो, हे चिपळुणात निम्म्या लोकांना अजून कळलेलं नाही. "बाहेरच्या गाड्या आणून विकतात," म्हणतात. एकही गाडी आम्ही विकलेली नाही. परदेशातला बाडबिस्तरा आवरून कायमचं घरी परतणाऱ्या माणसाची स्वतःची गाडी कस्टममधून सोडवायची आणि त्याच्या अंगणात नेऊन लावायची, हे आमचं काम. १९९४ साली आखातातून येणाऱ्यांच्या पेट्या आणि व्हीसीआर सोडवण्यापासून सुरुवात झाली. लायसन मुंबईच्या सीएचएचं, म्हणजे कस्टम हाउस एजंटचं, धावपळ माझी, टेम्पो दाभोळच्या चाचांचा. भागीदारीचा कागद कधी झाला नाही. दर शुक्रवारी नमाजनंतर चाचा यायचे, चहा घेता घेता हिशोब व्हायचा, मिटला विषय.

चेसिस नंबरचं ट्रेसिंग, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर कागदावर उतरवून घेणं, चाचांनीच शिकवलं. हल्लीची पोरं मोबाइलवर फोटो काढतात, त्यात तीन आणि आठ सारखेच दिसतात. रॉकेलच्या फडक्याने ग्रीस पुसायचं, गंज असेल तर तारेचा ब्रश, मग पातळ कागद चिकटपट्टीने ताणून बसवायचा आणि मऊ शिसाची पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवायची. नंबरातली सतराच्या सतरा अक्षरं-आकडे उमटले पाहिजेत. हात पोचत नसेल तिथे दाढीचा आरसा. चाचा गेले, तो आरसा माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

मधली वर्षं बरी गेली. २०११ साली मात्र ज्याला मी पेन्सिल धरायला शिकवलं, त्यानेच समोर गाळा घेतला. पाटीचा रंगसुद्धा आमचाच, निळा. आखातवाल्यांना सांगत सुटला, डाव्या स्टिअरिंगची जुनी गाडीही सोडवून देतो. धंद्यातल्या माणसाला नियम पाठ असतात. जुनी गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे, मीटर किलोमीटरचा, आणि उतरणार ती मुंबई बंदरातच. याने एका दुबईवाल्याची डाव्या हाताची गाडी मुंबईपलीकडच्या न्हावाशेवा बंदरात उतरवली! वर खरेदीची पावतीही पडेल किमतीची लावली. कस्टम तुमच्या पावतीवर जात नाही. नव्या गाडीची मूळ किंमत धरून घसारा काढतात, पहिल्या वर्षी तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच. म्हणजे तीन वर्षांत फार तर ३८ टक्के सुटतात, वर भाडं आणि विमा मिळवून ड्युटी. गाडी डॉकवर, डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचं भाडं, रोज चढतंय, आणि तो दुबईवाला शिव्या घालायला आला आमच्या गाळ्यात. निळी पाटी बघून! त्या वर्षी आमची निम्मी कामं गेली. आम्ही डाव्या हाताच्या गाडीला तोंडावर नाही म्हणतो, म्हणून आम्ही 'महाग आणि आखडू'.

इंग्लंडवाल्यांनाही सांगून ठेवतो. तुमचं स्टिअरिंग बरोबर, पण मीटर मैलांचा आहे. तो तिथेच बदलून घ्या. आणि बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे माल जहाजावर चढवल्याच्या जहाज कंपनीच्या पावतीच्या, तीन ओरिजिनल प्रती निघतात, त्यातली एकच एजंटला द्यायची. मलासुद्धा एकच.

हे ऐकणारे आमचे मोंबासावाले भाई. १९९६ साली त्यांच्या पेट्या सोडवल्या, २००८ साली धाकट्या भावाची गाडी आणि २०२१ साली त्यांची स्वतःची. जुलैच्या सुरुवातीला ती गाडी मुंबईला उतरली. तीस दिवसांत सोडवली नाही तर कस्टम माल विकायला काढू शकतं. २००५ च्या पुरानंतर मी लोखंडी कपाट चार फुटी ओट्यावर चढवलं होतं. २२ जुलैला वाशिष्ठी नदी त्या कपाटाच्याही डोक्यावरून गेली. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर फाइलींचा लगदा, कॉम्प्युटर चिखलात, चार गिऱ्हाइकांचे कागद गेलेले. सत्तावीस वर्षांचा धंदा एका रात्रीत संपला, असंच वाटलं. बायको म्हणाली, आता सोडा, आंब्याचं बघा.

तिसऱ्या दिवशी भाई दारात उभे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, छातीशी प्लॅस्टिकची पिशवी. आत बिल ऑफ लेडिंगची दुसरी ओरिजिनल. "तुम्हीच म्हणाला होतात, एकच द्यायची." त्याच कागदावर जहाज कंपनीकडून डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे माल सोडायची चिठ्ठी, घेतली, बाकीचं मुंबईला मुक्काम ठोकून केलं. सव्विसाव्या दिवशी गाडी गेटबाहेर. त्यांनी दिलेल्या बिलातूनच नवं कपाट आलं. ते आता माळ्यावर आहे.

समोरच्याच्या गाळ्यातही छातीभर चिखल होता. आमचीच दोन पोरं फावडी घेऊन गेली, दोन दिवस उपसत होती. हे त्याने आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. पाटी मात्र पुन्हा निळीच रंगवली.