सेटलमेंटनंतरचे पहिले कार्ड: माझा अनुभव

डिसेंबर २०२३ मध्ये नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या एका लहान सदनिकेसाठी मी गृहकर्जाचा अर्ज केला आणि तिसऱ्याच दिवशी तो नामंजूर झाला. शाखेतील अधिकारी मॅडमनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारा पतीचा आकडा, ५८७ होता आणि खाली एका जुन्या क्रेडिट कार्डासमोर ‘सेटल्ड’ असे लिहिलेले होते. “पगार नियमित आहे, नोकरी कायम आहे, पण हा शेरा असेपर्यंत तुमची फाईल पुढे जाणार नाही,” असे त्यांनी स्पष्ट सांगितले. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी हिशेबनीस म्हणून काम करतो. येणी-देणी वेळेवर नोंदवण्यातच माझे आयुष्य गेले असल्यामुळे तो शेरा मला फार लागला.

त्यामागची हकिगत थोडक्यात अशी. २०२० च्या टाळेबंदीत कारखाना बंद राहिला आणि पुढे काही महिने अर्धाच पगार मिळाला. रिझर्व्ह बँकेने त्या वेळी ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते लांबवण्याची सवलत दिली होती व ती मी कार्डासाठीही घेतली, परंतु सवलतीच्या काळातही व्याज चालूच राहते, हे मी पुरते समजून घेतले नव्हते. थकबाकी ९१,००० रुपयांवर गेली. वसुलीचे फोन घरच्यांनाही येऊ लागले, तेव्हा मे २०२१ मध्ये ४८,००० रुपये एकरकमी भरून ‘सेटलमेंट’ केली आणि प्रकरण मिटले असे समजून मी निश्चिंत झालो. बँकेच्या दृष्टीने मात्र सेटलमेंट म्हणजे कर्ज फिटणे नव्हे. उरलेली रक्कम बँकेने सोडून दिली, एवढाच त्याचा अर्थ होतो आणि पुढच्या प्रत्येक बँकेला तो तसाच दिसतो.

नकार मिळाल्यावर घाईघाईत मी दोन बँकांकडे साध्या क्रेडिट कार्डांसाठी ऑनलाइन अर्ज केले. नवे कार्ड वेळेवर फेडले की स्कोअर सुधारतो, एवढेच ऐकले होते. दोन्ही अर्ज फेटाळले गेले आणि माझ्या पत अहवालात, म्हणजे कर्जे व कार्डे यांच्या फेडीच्या नोंदींत, दोन नव्या चौकशा मात्र नोंदल्या गेल्या. आपला अहवाल आपण स्वतः पाहिल्याने स्कोअरला धक्का लागत नाही, पण कर्ज किंवा कार्ड मागितल्यावर बँक जी चौकशी करते तिची नोंद राहते, आणि थोड्या दिवसांत अशा बऱ्याच नोंदी दिसल्या की हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतो आहे, असा अर्थ काढला जातो. अर्ज नाकारल्यास त्याचे नेमके कारण लेखी कळवणे कार्ड देणाऱ्या बँकेवर बंधनकारक आहे. ती पत्रे मी मागून घेतली. दोन्हींत कारण एकच होते, जुने सेटल केलेले खाते. म्हणजे नवे कार्ड निवडण्याआधी जुन्याचा निकाल लावणे भाग होते.

आपल्याकडे पत माहिती ठेवणाऱ्या चार संस्था आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. जानेवारी २०२४ मध्ये मी चारही अहवाल काढून जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले. महिन्यागणिक लहान लहान चौकोन असतात व त्यात हप्ता किती दिवस उशिरा भरला ते लिहिलेले असते. वेळेवर भरला असेल तर तीन शून्ये, नाही तर ०३०, ०६०, ०९० असे आकडे. २०२० च्या उत्तरार्धातील माझ्या चौकोनांत ते आकडे एकामागून एक चढत गेलेले दिसत होते. पत्नीने त्यावर बोट ठेवून विचारले, “हा कोणता महिना?” तो आमच्या मुलीच्या शाळेची फी उसनवारीने भरली तो महिना होता. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे चारपैकी एका अहवालात ते खाते सेटल झाल्याचीही नोंद नव्हती, तिथे संपूर्ण रक्कम अजून थकीतच दाखवली होती. एकच अहवाल पाहून थांबलो असतो तर ही चूक कधीच सापडली नसती.

जुन्या बँकेला मी लेखी विनंती केली की सोडून दिलेली ४३,००० रुपयांची रक्कम मी भरतो, खाते ‘क्लोज्ड’, म्हणजे पूर्ण फेडून बंद, असे करून द्यावे. बँकेने ते मान्य केले. पैसे तीन टप्प्यांत भरले आणि शिक्क्यासह थकबाकी नसल्याचा दाखला एप्रिलमध्ये हातात आला. दाखला मिळाला तरी नोंद आपोआप बदलत नाही, हे पुढच्या काही आठवड्यांत कळले. शेवटी मेमध्ये मी पत माहिती संस्थांकडे रीतसर तक्रार नोंदवली. अशी संस्था स्वतःच्या अधिकारात नोंद बदलत नाही, ती बँकेकडे विचारणा करते आणि बँकेने होकार दिल्यावरच दुरुस्ती होते. या सगळ्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे व ती उलटल्यास तक्रारदाराला दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम नुकताच एप्रिल २०२४ पासून लागू झाला होता. माझी दुरुस्ती एक्केचाळिसाव्या दिवशी झाली आणि ११०० रुपये खात्यात जमा झाले. रक्कम लहान होती, पण नियम सामान्य माणसाच्या बाजूने खरोखर चालतो, हे पाहून मला मनापासून बरे वाटले.

आता कार्डाची निवड. माझ्यासारख्या माणसाला मिळू शकणारे कार्ड म्हणजे मुदत ठेवीवर दिले जाणारे कार्ड. बँकेत ठेव ठेवायची, तिच्यावर बँक आपला बोजा (हक्क) चढवते आणि ठेवीच्या साधारण ८० ते १०० टक्क्यांपर्यंत खर्चाची मर्यादा देते. ठेवीवरचे व्याज चालूच राहते. आपण पैसे थकवले तर बँक ठेव मोडून वसूल करते, म्हणून स्कोअर कमी असला तरी सहसा अडत नाही. ओळखीच्या एकाने मोबाइलवरील ‘आता घ्या, नंतर भरा’ अशी सोय सुचवली होती. तिच्यामागे बहुधा एखादी वित्तसंस्था असते आणि अशी उधारी अहवालात लहान लहान कर्जे म्हणून चढू शकते. आधीच गर्दी झालेल्या अहवालात मला आणखी ओळी नको होत्या, म्हणून तो विचार मी सोडला.

तीन बँकांच्या अशा कार्डांची मी तुलना केली. जाहिरातीची पत्रके बाजूला ठेवून प्रत्येकीचे महत्त्वाच्या अटी व शर्तींचे पत्रक छापून घेतले, कारण खरे दर तिथेच असतात. पहिल्या कार्डावर विमानतळाच्या विश्रांतिकक्षाची सोय होती, पण वार्षिक शुल्क होते. मला त्या कक्षात बसायचे नव्हते, मला गृहकर्ज हवे होते. दुसऱ्यावर शुल्क नव्हते, परंतु कार्ड बंद केल्यावर ठेवीवरचा बोजा किती दिवसांत उठेल, याचे सरळ उत्तर कोणी देईना. कार्ड बंद करण्याची विनंती ७ कामाच्या दिवसांत पूर्ण करावी लागते व थकबाकी नसताना उशीर झाल्यास दर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेवर बसतो, हा नियम मला माहीत होता. ठेवीबद्दल मात्र मला लेखी उत्तर हवे होते. तिसरी बँक माझ्या पगाराचीच होती. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने माझे सर्व प्रश्न कागदावर उतरवून घेतले: माहिती चारही संस्थांना जाते का, ठेवीचे नूतनीकरण आपोआप होते का, उशिराचे शुल्क किती रकमेवर किती, मर्यादेबाहेरचा खर्च आधीच बंद करून ठेवता येतो का. दुसऱ्या दिवशी त्याने ईमेलने उत्तरे पाठवली. मी तेच कार्ड घेतले, २५,००० रुपयांच्या ठेवीवर २०,००० रुपयांची मर्यादा असलेले.

अर्ज भरताना एका जागी मी थांबलो, आणि त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. बिल खात्यातून आपोआप वळते करण्याच्या रकान्यात दोन चौकोन होते, ‘संपूर्ण देय रक्कम’ आणि ‘किमान देय रक्कम’. छापील अर्जात दुसऱ्या चौकोनात आधीच बरोबरची खूण केलेली होती. ती तशीच राहिली असती तर दर महिन्याला बिलाचा लहानसा भागच वळता झाला असता आणि उरलेल्यावर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज लागले असते. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर तो भार ४९ टक्क्यांच्या वर जातो. शिवाय संपूर्ण बिल भरले नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. २०२० मध्ये मी नेमका इथेच बुडालो होतो. ती खूण खोडून मी पहिल्या चौकोनात खूण केली आणि शेजारी सही केली.

दुसरी अडचण तारखेची होती. आमचा पगार ७ तारखेला होतो, कधी १० पर्यंत लांबतो, आणि बिल भरण्याची शेवटची तारीख ५ आली होती. बिलाचे चक्र निदान एकदा तरी बदलून मागण्याचा हक्क कार्डधारकाला आहे. तो वापरून मी शेवटची तारीख १४ करून घेतली. जुन्या कार्डाचे पहिले दोन उशीर केवळ पगार आणि बिल यांच्या तारखा न जुळल्यामुळे झाले होते, हे चारही अहवाल पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आले होते.

कार्डावर मी तीनच खर्च ठेवले: महावितरणचे बिल, गॅस सिलिंडर आणि मोबाइलचे रिचार्ज. वापर मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत असावा म्हणून ६,००० रुपयांची रेघ आखली. जानेवारी २०२५ पासून बँकांना पत माहिती संस्थांकडे दर पंधरवड्याला माहिती पाठवणे बंधनकारक झाले होते, त्यामुळे महिनाअखेर भरून टाकू, असे म्हणून मधल्या काळात खर्च फुगवणेही मी टाळले. मर्यादा वाढवून देण्याचे आणि कार्डासोबत विमा घेण्याचे फोन आले. दोन्हींसाठी माझी स्पष्ट संमती लागते, ती मी दिली नाही.

कार्डाला सहा महिने झाले तेव्हा स्कोअर ६५२ होता आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ७३४. त्याच महिन्यात मी त्याच शाखेत, त्याच मॅडमकडे पुन्हा अर्ज दिला. त्यांनी अहवालातील शून्यांच्या रांगेवरून पेन्सिल फिरवली, जुन्या बँकेचा मूळ दाखला मागितला, त्याची झेरॉक्स काढली आणि मूळ प्रत मला परत दिली. बारा दिवसांनी मंजुरीपत्र आले. व्याजदर मात्र ७५० च्या वरच्या ग्राहकांपेक्षा थोडा जास्त आहे. पत सुधारल्यावर हा जास्तीचा भाग कमी करून मागता येईल का, असे मी विचारले, तेव्हा मॅडमनी वर्षभराने लेखी अर्ज करायला सांगितले. तो दिनांक मी दिनदर्शिकेवर नोंदवून ठेवला आहे, आणि ठेवीची पावती कपाटात त्या दाखल्याशेजारीच आहे.