बोअरचे पाणी, नळाचे पाणी आणि न शिजणारी तूरडाळ

बेळगावात आमच्या घरी नळाला रोज पाणी येत नसल्यामुळे मधल्या दिवसांत स्वयंपाकालाही बोअरचे पाणी वापरावे लागते. त्या दिवसांत सहा शिट्ट्या होऊनही तूरडाळ वरणात अख्खी दिसे आणि चहावर तवंग येई. आई डाळीला नावे ठेवी. मला मात्र पाण्याचा संशय होता.

आधी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारे यंत्र, आणला. त्यावर नळाच्या पाण्याचा आकडा लिटरला ९० मिलिग्रॅम आला आणि बोअरच्या पाण्याचा ४४०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंतचे प्रमाण चांगले मानतात, म्हणून काही दिवस मी निर्धास्त राहिले. परंतु हे मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून क्षारांचा केवळ एकूण अंदाज देते. त्यांत कॅल्शियम किती आणि सोडियम किती, हे त्यावरून कळत नाही.

शेवटी दोन्ही नमुने प्रयोगशाळेत नेले. तेथील ताईंनी जडपणाची, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या दुष्फेनतेची, चाचणी (पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून किती, हे सांगणारी) माझ्यासमोरच केली. रंग बदलणारे रसायन घालताच चंबूतले पाणी द्राक्षाच्या रसासारखे लालसर झाले आणि वरच्या नळीतून कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणाऱ्या ईडीटीए या रसायनाचे थेंब पडू लागले. नळाचे पाणी थोड्याच थेंबांत निळे झाले. बोअरचे पाणी निळे होईपर्यंत नळीतली पातळी कितीतरी खाली उतरली.

अहवालात बोअरच्या पाण्याचा जडपणा लिटरला ३४० मिलिग्रॅम होता, नळाच्या पाण्याचा ५०. मानकाची इष्ट मर्यादा २०० आहे. कॅल्शियम ८४ आणि मॅग्नेशियम ३२ होते. जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात मांडतात, म्हणून पहिल्याला २.५ ने व दुसऱ्याला ४.१ ने गुणून बेरीज केली, तेव्हा ३४१ आले आणि अहवालावर माझा विश्वास बसला. हीच दोन खनिजे डाळीतल्या पेक्टिनला, म्हणजे पेशींना चिकटवून ठेवणाऱ्या घटकाला, घट्ट बांधून ठेवतात, म्हणून दाणा फुटत नाही.

माझ्या दृष्टीने सर्वांत उपयोगी आकडा अल्कतेचा, म्हणजे मुख्यतः पाण्यातल्या बायकार्बोनेटच्या प्रमाणाचा, ठरला. ती २६० होती, म्हणजे जडपणाचा मोठा भाग बायकार्बोनेटचा, तात्पुरता, म्हणजे उकळल्यावर कमी होणारा होता. असे पाणी दहा मिनिटे उकळून रात्रभर ठेवले की बरेचसे कॅल्शियम पांढऱ्या साक्याच्या रूपाने तळाशी बसते. तो साका न हलवता मी वरचे पाणी चहासाठी ओतून घेते. डाळीसाठी नळाचे साठवलेले पाणी आणि बोअरचे पाणी निम्मे-निम्मे घेते. त्या मिश्रणाचा जडपणा १९५ होतो आणि डाळ चार शिट्ट्यांत मऊ शिजते.