तेल-पाण्याचं वैर

फोंड्यात कुणाकडेही गेले की चहाबरोबर हा प्रश्न येतोच: "बाय, तू कंप्युटरवर तेल-पाणी बघतेस म्हणजे करतेस तरी काय गो? ते पेल्यात दिसतंच की." चतुर्थीला शेजारच्या काकींनी तर देवघरातल्या दिव्याकडे बोट दाखवूनच विचारलं. काचेचा पेला, खाली पाणी, वर बोटभर खोबरेल, त्यात तरंगती वात. मधली रेघ सुरीने कापल्यासारखी.

काकी, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझी सगळी नोकरी त्या रेघेवर आहे, आणि ती रेघ नाहीच. मीटरच्या अब्जाव्या भागाइतकं, म्हणजे नॅनोमीटरभर, जवळ गेलं की तिथे जत्रेतली रेटारेटी दिसेल. पाण्याचे रेणू वर उसळतात, तेलाचे मधल्या खळग्यांत उतरतात. काठावरच्या कितीतरी पाण्याच्या रेणूंचा एक हायड्रोजन तेलाकडे मोकळाच लोंबत असतो. धरायला शेजारी नसतो ना!

डोळ्यांना हे दिसणार नाही, म्हणून हिशेब. खोबरेलाचे रेणू अवजड, त्यामुळे शिकणारे हेक्झेन या लहान रेणूंच्या, तेलासारख्या द्रवापासून सुरुवात करतात. कंप्युटरमधल्या एका पेटीत 4 नॅनोमीटर बाजूचे दोन ठोकळे एकमेकांना चिकटवून: एकात पाण्याचे साधारण 2100 रेणू, दुसऱ्यात हेक्झेनचे 290. कोणत्या अणूला कोण किती ओढतंय ते काढायचं, न्यूटनच्या नियमाने त्याला किंचित सरकवायचं, पुन्हा काढायचं. हे 'किंचित' 2 फेमटोसेकंदांचं (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, फेमटोसेकंद त्याचाही दहा लाखावा), म्हणजे एका नॅनोसेकंदाला 5 लाख फेऱ्या. (पावसात वीज गेली की शेवटच्या नोंदीपासून पुन्हा सुरू.) हैदराबादेत जन्मलेल्या अनीसुर रहमान यांनी 1964 मध्ये अमेरिकेत आर्गॉनच्या 864 अणूंवर हेच केलं. आमची सगळी वंशावळ तिथवर जाते.

माझं पहिलं उत्तर आलं तेव्हा मी खोलीभर नाचले होते. पाणी-हेक्झेनमधल्या सीमेवरचा ताण, म्हणजे ती सीमा वाढवायला किती जोर लागतो तो आकडा, 100च्या घरात! प्रयोगात तो मीटरला सुमारे 50 मिलिन्यूटन. मला वाटलं, काहीतरी नवंच सापडलं. रात्री जेवताना लक्षात आलं: आमच्या पेटीत उजवीकडून बाहेर पडलेला रेणू डावीकडून आत येतो, त्यामुळे तेल पाण्याला दोनदा भेटतं. सीमा दोन, आणि मी दोनाने भागलंच नव्हतं.

बरं, भागूनही निश्चिंत होता येत नाही. पेटीतलं पाणी आपण शिकवू तसंच वागतं. टिप-थ्री-पी नावाचं एक मॉडेल प्रथिनांच्या अभ्यासात सर्रास वापरतात. त्यातल्या पाण्याचा पृष्ठताण 50च्या आसपास येतो, खऱ्याचा 72. स्क्रीनवरचं चित्र मात्र दोन्हीकडे सारखंच देखणं. देखण्या चित्रांवर माझा विश्वास नाही तो यामुळे.

आणि ते वैर? पाण्याचा पृष्ठताण 72, हेक्झेनचा 18, दोघांमधला 50. पहिल्या दोघांची बेरीज करून तिसरा वजा करा: 40. चौरस मीटरभर तेल पाण्यापासून सोडवायला लागणारी ही ऊर्जा, मिलिज्यूलमध्ये. तेलाला तेलापासून सोडवायला 18 दुणे 36. म्हणजे हेक्झेनला त्याच्या जातभाईंपेक्षा पाणीच थोडं जास्त धरून ठेवतं! पण पाण्याला पाण्यापासून तोडायला 144 लागतात. पाण्याचं तेलाशी भांडण नाही, त्याचा आपल्या गोतावळ्यातून पाय निघत नाही, इतकंच.

काकींनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मग नारळाचा रस उकळला की फुटतो तो का?"

म्हटलं, त्यात प्रथिनं तेलाच्या थेंबांना वेढून बसलेली असतात, तापवलं की त्यांची घडी बिघडते, थेंब एकमेकांत मिसळतात. ते पेटीत घालायचं तर माझे दोन ठोकळे कुठल्या कुठे अपुरे.

"म्हणजे अजून जमत नाही," काकी म्हणाल्या, आणि वातीत तेल घालायला उठल्या.