तुम्ही विचारलंत म्हणून : आधी गव्हाण, मग झाड

डिसेंबर लागला की मला एक प्रश्न हमखास येतो. शाळेच्या फाटकाशी एखादी आई थांबवते, दुसऱ्या शाळेतल्या मॅडम फोन करतात, शेजारच्या वहिनी भाजी निवडता निवडता विचारतात, "बाई, झाड आणलं, दिव्यांची माळ लावली, पोराला सांताची टोपी घेतली, तरी घरात नाताळ आल्यासारखं काही वाटत नाही. तुमच्याकडे एवढं कसं वाटतं? आणि शाळेत काय करायचं?" माझं माहेर नवापूर तालुक्यातलं, ख्रिस्ती, आणि नोकरी साक्री तालुक्यातल्या मराठी शाळेत. म्हणून घरचा आणि शाळेचा, दोन्ही प्रश्न माझ्याच दारी येतात. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी वाट बघायला लागा. नाताळच्या अगोदरचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. त्यातला पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. घरी एका ताटलीत चार मेणबत्त्या उभ्या करायच्या. पहिल्या रविवारी एक लावायची, दुसऱ्या रविवारी दोन, असं करत चौथ्या रविवारी चारही. आमच्याकडे त्यांना आशा, शांती, आनंद आणि प्रीती म्हणतात. जेवायला बसण्याआधी लाइट बंद करायचे, मेणबत्ती लावायची, एक गाणं म्हणायचं, बायबलमधल्या चार ओळी वाचायच्या. दहा मिनिटांचं काम. पण चौथ्या रविवारी पहिली मेणबत्ती बोटभर उरलेली असते आणि चौथी कोरी, ताठ उभी असते. किती दिवस सरले आणि किती राहिले हे मग लहान पोरांना कॅलेंडरवर दाखवावं लागत नाही. आज कोण काडी ओढणार यावरून भांडणं होतात, ती होऊ द्यावीत.

मग गव्हाण मांडा, म्हणजे येशूच्या जन्माचा गोठ्यातला देखावा. झाड नंतर, जमलं तर. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानातल्या जन्माच्या गोष्टीत झाडाचा उल्लेख नाही, सांताचाही नाही. गव्हाण मात्र आहे, कारण बाळाला निजवायला तेवढीच जागा मिळाली. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने खरी गव्हाण, खरं गवत, जिवंत बैल आणि गाढव आणून नाताळची उपासना केली. गावकऱ्यांना ते दारिद्र्य डोळ्यांनी दिसावं, ही त्याची इच्छा होती. आठशे वर्षांपूर्वी इटलीत जे मुद्दाम मांडावं लागलं, ते आपल्या खान्देशात घराघराच्या मागच्या दारी आहे. कडबा आहे, कुट्टी आहे, रात्री रवंथ करणारी गाय आहे. एका वर्षी वर्गात गव्हाण मांडत असताना चौथीतला एक पोरगा एकदम ओरडला, "बाई, हाई ते आमना गोठा शे!" हा तर आमचा गोठा आहे. त्या दिवशी मला वेगळं काही शिकवावं लागलं नाही.

घरच्या गव्हाणीबद्दल दोन गोष्टी आवर्जून पाळा. बाळ येशूची मूर्ती आधी ठेवू नका. मरीया, योसेफ, जनावरं सगळी येऊ द्या, गव्हाण रिकामीच राहू द्या. २४ च्या रात्री उपासनेहून घरी आलं की घरातल्या सगळ्यात लहान मुलाच्या हाताने बाळ ठेवायचं. पेंगुळलेली पोरं एवढ्यासाठी जागी राहतात. दुसरं, बाळाला भेटायला आलेले पूर्वेकडचे मागी, म्हणजे ज्ञानी लोक, लगेच गोठ्यापाशी उभे करू नका. त्यांना खिडकीत किंवा कपाटावर ठेवा आणि रोज वीतभर पुढे सरकवा. प्रकटीकरणाचा सण ६ जानेवारीला असतो, तोवर ते पोचले पाहिजेत. शाळेतून आल्यावर दप्तर टाकायच्या आधी मुलं ते आज कुठवर आले हे बघतात.

आता शाळा. आमच्याकडे कॉन्व्हेंटसारखी आठवडाभर सुट्टी नसते, २५ चा एक दिवस. त्यात गॅदरिंगच्या तालमी चालू असतात, म्हणून जे करायचं ते थोडं आणि आधीपासून करावं लागतं. मी पालकसभेत आधी सांगते: गोष्ट सांगणार आहोत, हाताने वस्तू करणार आहोत, कुणाला प्रार्थना करायला लावणार नाही. गणपतीची, ईदची गोष्ट जशी सांगतो तशीच ही. आजवर पालकांनी समजून घेतलं आहे. एका बाबतीत मी ऐकत नाही, लाल-पांढरा पोशाख कुणाकडूनही मागवायचा नाही. कापूस वेचून पोट भरणाऱ्या आईला एका दिवसाच्या फोटोसाठी कपडे घ्यायला लावणं मला पटत नाही.

सामान सगळं मुलंच आणतात. पोळ्याला केलेले मातीचे बैल बऱ्याच घरी फळीवर पडून असतात, एकाचं शिंग तुटलेलं, एकाचा रंग उडालेला. ते गव्हाणीपाशी येतात. काळ्या मातीची मेंढरं करतो आणि ओल्या मातीवरच कापूस चिकटवतो, की झाली लोकर. सरकीसकट कापूस लावला तर मेंढरू ठिपक्याठिपक्यांचं दिसतं, मुलांना तेच जास्त आवडतं. झाडावर कापसाचा बर्फ मात्र आम्ही करत नाही. कापूस म्हणजे काय ते या मुलांना फार जवळून माहीत आहे.

मेंढपाळांचा भाग मी सगळ्यात जास्त वेळ घेऊन शिकवते. पाऊस संपला की आमच्या भागातले ठेलारी मेंढरं घेऊन निघतात, खतासाठी शेतकरी त्यांचा कळप रात्री शेतात बसवून घेतात. म्हणजे ऐन डिसेंबरात गावाबाहेर मेंढपाळ मुक्कामाला असतात. लूक सांगतो की रानात रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना जन्माची बातमी सर्वांत आधी कळली, राजवाड्यात नाही. आम्ही मुलांना ठेलाऱ्यांच्या एका वाड्यावर, म्हणजे मुक्कामावर, घेऊन गेलो होतो. रात्री झोप येत नाही का, असं मुलांनी विचारलं. तिथल्या मेंढपाळ बाबांनी सांगितलं की पाळीपाळीने जागतात, कुत्रं भुंकलं की उठतात, आणि कालच जन्मलेलं कोकरू सोबतच्या घोड्यावर झोळीत घालून पुढच्या गावी नेतात. परतल्यावर पोरांनी मातीचं घोडं केलं आणि मेंढपाळांमध्ये उभं केलं. बायबलच्या गोष्टीत ते घोडं नाही. मी ते काढलं नाही.

याच गोष्टीत एक जागा अशी आहे की तिथे वर्ग गप्प होतो. नावनिशीसाठी, म्हणजे शिरगणतीसाठी, योसेफाला नासरेथहून बेथलेहेमला जावं लागलं, बायकोचे दिवस भरलेले, आणि उतारशाळेत जागा नव्हती. दिवाळी झाली की आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. डिसेंबरात वर्गातले काही बाक रिकामे असतात. बाळंतपण पाचटाच्या खोपटात झालेली आई कुणाची तरी मावशी असते, कुणाची काकू असते. म्हणून नाताळची भेटकार्डं आमची मुलं त्या गेलेल्या मित्रांना लिहितात. जुन्या वहीचा पुठ्ठा, त्यावर चित्र, आत गावची बातमी: विहिरीला पाणी किती आहे, कुणाची शेळी व्याली, कबड्डीत कोण जिंकलं. मुकादम गावात आला की गठ्ठा त्याच्या हाती देतो. एकदा उत्तर आलं होतं. पेन्सिलीने लिहिलेली एकच ओळ होती, "मना बाक कोले देवानं नही." माझा बाक कुणाला द्यायचा नाही. तो बाक आम्ही खरंच कुणाला दिला नाही.

खान्देशातल्या शाळांना आणखी एक सोय आहे. २४ डिसेंबर ही साने गुरुजींची जयंती, १८९९ चा त्यांचा जन्म. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये ते शिक्षक होते, वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने दैनिक लिहून काढायचे. मुलं शाळेत गेली की त्यांच्या खोल्या झाडून ठेवायचे, असंही सांगतात. रात्री गुपचूप जाऊन गरिबाच्या घरात पैसे टाकणाऱ्या संत निकोलसची (सांता त्याच्यावरूनच आला) दंतकथा मी त्याच दिवशी सांगते. मग चिठ्ठ्या टाकतो. ज्याचं नाव येईल त्याचं काहीतरी काम त्याला कळू न देता करायचं, विकत काही आणायचं नाही. पेन्सिलींना टोक काढून ठेवणं, पुस्तकाला कव्हर घालणं, बाटली भरून आणणं. साने गुरुजींची जयंती आणि नाताळ आमच्या शाळेत असे एकमेकांना लागून साजरे होतात, आणि मला ते फार योग्य वाटतं.

चांदणी घरीच करा. आकाशकंदील करणाऱ्या हातांना ती अवघड नाही. बांबूच्या दोन-दोन फुटांच्या दहा कामट्या घ्या. पाच कामट्यांची एक चांदणी, अशा दोन बांधा. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाचही टोकं दोऱ्याने घट्ट बांधा. मग आत जिथे कामट्या एकमेकींना छेदतात तिथे दोन्ही चांदण्यांच्या मध्ये पाच बोटभर काड्या आडव्या बसवा, की पोट फुगतं. त्यावर पतंगी कागद, आत एलईडीचा दिवा. कागद चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ पुरते.

गाण्यांचं म्हणाल तर इंग्रजी कॅरोलच हवीत असं नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांपासून (१८६१–१९१९) आपल्याकडे टाळ-मृदंगावर म्हणायची मराठी ख्रिस्ती भजनं आहेत, आणि आमच्या गावाकडे रात्री घरोघर फिरताना ढोलकीच असते. फराळाचंही तेच. करंज्या, शंकरपाळे, अनारसे दिवाळीसारखेच. केक एकच, तोही कुकरमध्ये, तळाशी मीठ पसरून. करंज्या लाटायला मात्र शेजारणींना बोलवा. एकटीने केलेल्या करंज्या होतात, पण नाताळ होत नाही.

या वर्षी उशीर झाला असेल तरी काही बिघडत नाही. आज परातीत माती पसरून गहू पेरा, नवरात्रात घटाला पेरतो तसा, आणि उबेला ठेवा. थंडीत त्याला वर यायला वेळ लागतो, बरी हिरवळ व्हायला दहा-बारा दिवस धरा. तेवढे दिवस हाताशी नसतील तर मेथी पेरा, ती दोन-तीन दिवसांत मोड काढते. गव्हाण त्या परातीच्याच मधोमध ठेवा, आणि ६ जानेवारीपर्यंत मोडू नका.