आज १८ चेंडू

आज १८ चेंडू टाकले. कमरेच्या दुखापतीनंतर, १६१ दिवसांनी.

रनअप निम्माच होता आणि वेगही ट्रेनरच्या भाषेत साठ टक्के. समोर फलंदाज नव्हता, नुसता एक स्टंप. तरी पहिल्या चेंडूसाठी उभा राहिलो तेव्हा तळहात ओले झाले होते. चेंडू जुनाच, एका बाजूने शिवण दबलेली. दोन बोटं तिच्यावर आपसूक जाऊन बसली आणि मला एवढं बरं वाटलं की क्षणभर तसाच उभा राहिलो. फिजिओ सर लांबून ओरडले, "घाई नाही रे, सावकाश ये." त्यांना वाटलं मी घाबरलोय. घाबरलो होतोच, पण थांबलो होतो ते त्यासाठी नव्हे.

बूट तेच आहेत. डाव्या बुटाला अंगठ्याजवळ कापून भोक पाडलंय. डावा पाय क्रीजमध्ये आदळतो तेव्हा पाऊल बुटात पुढे सरकतं आणि अंगठा टोकावर आपटतो. पहिल्या मोसमात दोनदा नख काळं पडून गळालं. मग संघातल्या एका सिनिअरने ब्लेड आणून दिलं आणि नेमकं कुठे कापायचं ते पेनाने आखून दाखवलं. ड्रेसिंग रूममध्ये मला मिळालेली ही पहिली शिकवण. आज बूट चढवले, त्या भोकातून मोजा दिसला आणि तेवढ्यानेच गळा दाटून आला.

मधल्या दिवसांत वहीला हात लावला नाही. लिहावंसंच वाटत नव्हतं. आता जमेल तसं लिहून काढतो.

पहिला प्रथम श्रेणी सामना खेळलो तेव्हा १९ नुकतंच पूर्ण झालं होतं. माझ्या चौथ्या षटकात चेंडू टप्पा पडून बाहेर गेला, कड घेतली, दुसऱ्या स्लिपने खाली वाकून झेल टिपला. सगळे माझ्याकडे धावत आले. मी मागे वळलो तर पंचांचा हात आडवा. नो-बॉल. टाच रेषेच्या बोटभर पुढे पडली होती. रात्री झोप लागेना, तेव्हा इंग्लंडचा वेगवान गोलंदाज टॉम करन आठवला. २०१७ ची मेलबर्नची बॉक्सिंग डे कसोटी, त्याची पहिलीच. डेव्हिड वॉर्नर ९९ वर असताना झेलबाद आणि तोही नो-बॉल. पुढे त्याला पहिली कसोटी विकेट मिळाली ती थेट स्टीव्ह स्मिथची. मला दुसऱ्या डावात मिळाली ती अकराव्या नंबरच्या फलंदाजाची, पायचीत. चालेल. विकेट ती विकेट.

त्यानंतरचे सामने मी वेगाच्या आकड्यासाठी खेळलो, हे आज स्पष्ट लिहितो. प्रत्येक चेंडूनंतर मान आपोआप मोठ्या पडद्याकडे वळायची. १३६. १३८. एकदा १४१ आला आणि त्याच चेंडूवर चौकार बसला तरी मी खूश होतो! तोच ब्लेडवाला सिनिअर मिड-ऑफला उभा असायचा. तो म्हणाला, "पडद्याकडे काय बघतोस, कीपरच्या ग्लोव्हजकडे बघ." चेंडू कीपरच्या छातीशी येतोय आणि त्याची बोटं वर आहेत, तर टप्प्यानंतरही चेंडूत जीव आहे. बोटं जमिनीकडे वळली की समजायचं, चेंडू तिथवर जाईपर्यंत मेलाय. यंत्र वेग मोजतं तो चेंडू हातातून सुटतानाचा. फलंदाजापर्यंत त्यातलं किती पोहोचलं ते ग्लोव्हज सांगतात. त्या दिवसापासून ग्लोव्हज बघायला लागलो आणि चेंडू आपोआप दोन हात पुढे पडायला लागला.

हे सगळं छान चाललं होतं तेव्हाच कंबर दुखायला लागली.

सुरुवातीला नुसतं आखडल्यासारखं, डाव्या बाजूला, पट्ट्याच्या जरा वर. सकाळी बूट बांधायला वाकताना कळायचं. अंग तापलं की दोन षटकांत जायचं. मग चार षटकांनी जायला लागलं. मग जायचं थांबलं. फिजिओ सर रोज विचारायचे, "शून्य ते दहा, किती?" मी म्हणायचो, "शून्य." पाच आठवडे मी शून्य सांगत होतो. वेदनेची गोळी बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवायचो, मोज्यांखाली.

का सांगितलं नाही? जागा जाईल म्हणून. करार एका वर्षाचा, माझ्या मागे दोन वेगवान गोलंदाज रांगेत. शिवाय लहान असताना एका प्रशिक्षकाकडून ऐकलेलं डोक्यात घट्ट बसलं होतं, की ज्याची पाठ दुखत नाही तो फास्ट बॉलरच नाही. त्यांनी ते कौतुकाने सांगितलं होतं. आम्ही मुलांनी ते नियमासारखं धरलं. मला आज ते वाक्य चुकीचं वाटतं, आणि कुठल्याही मुलाच्या कानावर ते पडू नये असं मनापासून वाटतं.

एमआरआयच्या चित्रात डॉक्टरांनी मला ती जागा दाखवली. कमरेचा खालचा मणका, मागच्या बाजूचा एक चिंचोळा पूल, त्यात पांढुरकी झाक. स्ट्रेस फ्रॅक्चर. पुढचा पाय आदळतो तेव्हा अंगाच्या वजनाच्या पाच-सहा पट, कधी त्याहूनही जास्त भार वर चढतो. नेमक्या त्याच क्षणी कंबर मागे झुकलेली, एका बाजूला कललेली आणि पिळलेली असते. उजव्या हाताने टाकणाऱ्याचा मणका म्हणूनच बहुतेक वेळा डाव्या बाजूला तडकतो. हाड रोज थोडं झिजतं आणि विश्रांतीत भरून येतं. भरायला वेळच दिला नाही की रेघ पडते. त्यात कमरेची हाडं विशीच्या मध्यापर्यंत पक्की होत असतात, म्हणजे ज्या वयात आम्ही जीव तोडून टाकतो त्या वयात ती अजून तयारच नसतात. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं ते मला नवीन होतं. खूप षटकं टाकली त्याच आठवड्यात इजा होईल असं नाही, तिचा धोका पुढचे तीन-चार आठवडे डोक्यावर असतो. मी मागचे दिवस मोजले. दोन सामन्यांच्या मधे तीन दिवसांची सुट्टी होती आणि त्या तीन दिवसांत मी नेट्समध्ये गुपचूप आणखी टाकत होतो, कोणी मोजू नये म्हणून सगळे गेल्यावर.

पहिले दोन महिने नुसतं चालणं, मग पोहणं, मग पोटाचे आणि कमरेचे व्यायाम. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. दिवस एकसारखे होते. संघाचे सामने बघवत नव्हते, म्हणून जुने गोलंदाज शोधून शोधून वाचत बसायचो.

पॅट कमिन्सचं कितीदा वाचलं असेल. नोव्हेंबर २०११, जोहान्सबर्ग, वय १८. पहिल्याच कसोटीच्या दुसऱ्या डावात ७९ धावांत ६ बळी, वर विजयाचा फटकाही त्याचाच, सामनावीरही तोच. आणि दुसरी कसोटी? मार्च २०१७, रांचीला. मधली पाच वर्षांहून जास्त पाठ आणि टाच यांतच गेली. एवढ्या वर्षांत त्याने किती वेळा पहिला चेंडू पुन्हा टाकला असेल याचा मी आजकाल विचार करतो. ऑस्ट्रेलियाचाच जुना वेगवान गोलंदाज डेनिस लिली १९७३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात मोडला, पाठीला प्लास्टर घालून राहिला आणि १९७४-७५ च्या अ‍ॅशेसमध्ये पुन्हा धावत आला. बुमराची शस्त्रक्रिया मार्च २०२३ ला, आणि ऑगस्टमध्ये डब्लिनला परतला तो पहिल्याच षटकात दोन बळी घेऊन.

पण मला सगळ्यात जवळचा वाटला इंग्लंडचा जेम्स अँडरसन. त्याची अ‍ॅक्शन बदलायचा प्रयत्न झाला, २००६ मध्ये पाठीचं स्ट्रेस फ्रॅक्चर झालं, आणि तो शेवटी आपल्या जुन्या अ‍ॅक्शनकडे परत गेला. मे २००३ ला लॉर्ड्सवर पहिली कसोटी, जुलै २०२४ ला त्याच मैदानावर शेवटची, ७०४ बळी. माझ्याही अ‍ॅक्शनबद्दल आता बैठका चालू आहेत. माझी कंबर आणि खांदे एका दिशेला नाहीत, कंबर समोर बघते आणि खांदे आडवे वळतात, ते पाठीला घातक आहे. एवढं बदलायला मी तयार आहे. मनगट मात्र कोणाला हात लावू देणार नाही. माझा आउटस्विंग, म्हणजे हवेत बाहेर वळणारा चेंडू, त्या मनगटातून येतो आणि ते मला कोणी शिकवलेलं नाही. गोलंदाजी प्रशिक्षकांना हे मी परवा तोंडावर सांगितलं, आवाज थरथरत होता, पण सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मनगटाचं कोण बोललं? पाय कुठे पडतो ते बघू आधी."

तर आजचे १८. पहिले सहा नुसतेच पडले. दुसऱ्या सहामधला एक चेंडू शिवणीवर पडून किंचित बाहेर सरकला. साठ टक्क्यांतही सरकला! मी फिजिओ सरांकडे बघितलं, ते वहीत खाली मान घालून चेंडू मोजत होते, त्यांना दिसलंच नाही. तिसऱ्या सहाला पाय जरा जोरात पडायला लागला आणि सतराव्या चेंडूनंतर डाव्या बाजूला काहीतरी ओढल्यासारखं झालं. दुखलं म्हणण्याएवढं नाही. अठरावा टाकला आणि थांबलो.

बर्फ लावून बसलो होतो तेव्हा सर आले. "शून्य ते दहा?"

मी लगेच बोललो नाही. जीभ जुन्याच उत्तराकडे वळत होती.

"दोन," मी म्हणालो. "सतराव्यानंतर. डावीकडे."

त्यांनी वर बघितलं, खुर्ची ओढली, कुठे, कसं, वाकताना की सरळ उभं राहताना, सगळं विचारलं. अंगठ्याने दाबून बघितलं. स्नायूच वाटतोय म्हणाले, पण उद्याचा बेत खोडला. उद्या गोलंदाजी बंद, परवा १२ चेंडू, तेही चालत येऊन.

जाताना दारात थांबून म्हणाले, "तो दुसऱ्या ओव्हरमधला बाहेर गेला, बघितला मी."