भाड्याच्या घरातली ओल आणि एका अर्जाची पोच

ओल कुठून येते हे शोधायला वेळ लागला नाही. "ती दुरुस्त करा" असं लिहिलेला कागद घ्यायला कुणी तयार होईना, यात अख्खा पावसाळा गेला.

डोंबिवलीत आम्ही भाड्याने राहतो. जुलैत बेडरूमच्या भिंतीला पोपडे आले, मग कपाटामागे काळी बुरशी. घरमालक काका नाशिकला असतात. फोनवर म्हणाले, "कपडे घरात वाळत घालत असाल तुम्ही." जुलैत डोंबिवलीत कपडे बाहेर कोण वाळत घालतं? पण वाद नको म्हणून भिंतीला अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारी कडांना चिकटपट्टी मारून लावला. दोन दिवसांनी काढला तर भिंतीकडची बाजू ओलीचिंब, खोलीकडची कोरडी. उलट झालं असतं तर दोष आमच्या वाफेचा. फोटो पाहून काका वरमले. खाली उतरून पाहिलं, तर पावसाच्या पाण्याच्या पाइपचा जोड निसटलेला.

पावसाची गळती आणि बाहेरचा सामायिक पाइप सोसायटीकडे, घरातल्या संडास-सिंकची गळती त्या सभासदाकडे, असं सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायटी चालवायच्या नमुना नियमांत, आहे. म्हटलं, सोपं आहे.

सोसायटीच्या ऑफिसात मॅनेजरने अर्जाकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुम्ही मेंबर नाही. मालकांचा अर्ज आणा." काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. "असा चालत नाही, सही लागते." सहीचा अर्ज कुरिअरने आला, तो घेतला, पण पोच देईनात. शिक्का सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी म्हणाले, कमिटीच्या मीटिंगला ठेवतो. मीटिंग झाली, तर अर्ज फाइलमध्येच नाही! इकडे भिंतीला हात लावला की चुना बोटांना येत होता. आणि आम्ही इथे राहतो म्हणून काकांच्या प्रत्येक बिलात बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं), सेवाशुल्काच्या 10 टक्के, न चुकता लागतं. पैसे चालतात, कागद चालत नाही.

शेवटी काकांनीच वैतागून फोटोंसह तोच अर्ज पोचपावतीच्या स्पीड पोस्टने पाठवला, वर ईमेलही. त्या आठवड्यात दोरीवर लटकून काम करणारा माणूस आला आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत जोड बसवून गेला. मला आनंदापेक्षा संतापच जास्त आला.

तेव्हा पहिल्याच दिवशी मालकांच्या सहीचा अर्ज पोस्टाने. ऑफिसच्या पायऱ्या झिजवू नका.

मधल्या काळात एकाने सांगितलं, मालकाला 15 दिवसांची नोटीस द्या, स्वतः दुरुस्ती करा, भाड्यातून कापा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 14 मध्ये तसं आहे, वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंत. पण ते कायद्याच्या भाषेतल्या भाडेकरूसाठी. आपला 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे फक्त राहायच्या परवानगीचा करार असतो, तिथे करारात काय लिहिलंय तेच बघितलं जातं. आमच्या नव्या करारात "ओल, गळती व त्यामुळे लागणारा रंग मालकाकडे" असं वाक्य घालून घेतलंय.

रंगाची घाई करू नका, भिंत आतून सुकू द्या, नाहीतर पुट्टीला पुन्हा फुगे येतात. काका दिवाळीआधी रंग लावा म्हणत होते, मी जानेवारीपर्यंत थांबवलं. आणि हो, घर ताब्यात घेताना कपाटांमागचा व्हिडिओ काढून मालकांना पाठवून ठेवा. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायची वेळ आली की तोच कामाला येतो.