दुखणं खरं की बहाणा? तुम्ही विचारलंत म्हणून

पालकसभा संपली की कुणीतरी थांबून विचारतंच, नवे शिक्षकही विचारतात: "बाई, मूल दुखतंय म्हणतं तेव्हा खरंच दुखतंय की अभ्यास टाळायचाय, हे ओळखता कसं?"

मी ओळखत नाही. ओळखायला जातही नाही. मूल दुखतंय म्हणालं की मी ते खरं धरते आणि पुढच्या कामाला लागते.

हे मला एका मुलीमुळे कळलं. तिला लहान वयात होणारा संधिवात होता. पहिल्या तासाला तिला पेनाचं टोपण बोटांनी निघायचं नाही, ती ते दातांत धरून ओढायची. या आजारात सकाळी सांधे आखडलेले असतात, हालचाल होईल तसे मोकळे होतात. मला हे ठाऊक नव्हतं. मधल्या सुट्टीत ती पळताना दिसली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मी म्हणाले, "काल तर चांगली पळत होतीस!" ती काही बोलली नाही. पण त्यानंतर कितीतरी दिवस ती मधल्या सुट्टीत बाकावरून उठलीच नाही. आपलं दुखणं बाईंना पटावं म्हणून तिनं खेळणं सोडलं होतं. ते माझं वाक्य मला अजून बोचतं.

तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उठणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हणतात. मुलांमध्ये डोकेदुखी, पोटदुखी, हातापायांचं दुखणं जास्त दिसतं. पुष्कळदा सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि मग कुजबुज सुरू होते. पण मज्जासंस्था एकदा हळवी झाली की इजा भरून आल्यावरही दुखण्याचे निरोप येतच राहतात, आणि ते एक्स-रेत उमटत नाहीत. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत स्पष्ट लिहिलं: माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या सांगण्याचा मान राखावा.

मग लगेच घरी पाठवायचं का? नाही. नवं किंवा वेगळंच काही दुखत असेल, ताप असेल, तर घरी कळवायलाच हवं. पण नेहमीच्या दुखण्यासाठी रोज घरी गेलं की अभ्यास तुटतो, मैत्रिणी तुटतात आणि शाळेचीच धास्ती बसते. मोठ्या रजेनंतर आम्ही पालकांशी आणि डॉक्टरांशी बोलून दोन तासांपासून सुरुवात करतो, मग हळूहळू वाढवतो.

त्या मुलीला मी एक हिरवं कार्ड दिलं. ते बाकाच्या कोपऱ्यावर ठेवायचं, पाच मिनिटं बाहेर फिरून यायचं, विचारायचं नाही. बदलीवर येणाऱ्या शिक्षकांनाही ते माहीत असायला हवं, नाहीतर दर तासाला आपलं दुखणं नव्यानं सिद्ध करत बसावं लागतं. पुस्तकांचा एक संच वर्गातच ठेवला, म्हणजे दप्तर हलकं. दहाऐवजी पाच गणितं दिली. येतंय की नाही ते पाचांतही कळतं.

बऱ्या दिवसांची मला जास्त काळजी वाटते. त्या दिवशी मूल राहिलेलं सगळं उरकायला बघतं आणि पुढचे दोन दिवस झोपून काढतं. म्हणून दुखेपर्यंत थांबायचं नाही, ठरल्या वेळी विश्रांती घ्यायची, बरं वाटत असलं तरी.

सगळ्यांत जड गेलं ते "आता कसं वाटतंय?" विचारणं थांबवणं. मायेनं विचारतो आपण, पण दर वेळी त्याचं लक्ष पुन्हा दुखण्यावरच नेतो. आता मी "हे उदाहरण कसं सोडवलंस?" असं विचारते.

एकदा गणिताच्या तासाला तिनं कार्ड ठेवलं, बाहेर जाऊन आली आणि बसता बसता शेजारणीला म्हणाली, "चौथं झालं का? थांब, मला करू दे."